दहा अंकी संख्या फोडायला कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स कसा आहे?

वर्धा-यवतमाळकडे तालुक्याच्या गावी हा कॅल्क्युलेटर बहुतेक जण इंजिनिअरिंगला लागतो म्हणून घेतात. पण संख्यांचा नाद असलेल्या आठवी-नववीच्या पोट्ट्यांनाही तो घेऊन द्यावा, आणि तो ‘फॅक्ट’ या, संख्येचे मूळ अवयव पाडून देणाऱ्या, एका सोयीसाठी. स्कॉलरशिपच्या पेपरात चालत नाही. सराव आणि पडताळा यांसाठीच.

संख्या टाका, ‘बरोबर’ दाबा, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. १२३४५६७८९० टाकली की २×३²×५×(१३७१७४२१) दिसतं. फसगत इथंच होते. कंसातली संख्या मूळ धरली तर विभाजक २४ येतात, आणि ते चूक आहे.

कंस म्हणजे यंत्राला पुढं सांगता येत नाही, एवढंच. ते ९९७ पर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहतं. पुढची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१. उरलेला भाग याहून लहान असेल तर तो नक्की मूळ, म्हणून कंस येत नाही. मोठा असेल तर काहीही निघू शकतं. २१४७४८३६४७ सुद्धा कंसातच येते, आणि ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरनं १७७२ मध्येच सिद्ध केलं होतं.

कंस फोडायला फर्माची रीत वापरा, म्हणजे संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३.७ च्या आसपास आहे. ३७०४² मधून ती वजा केली की २१९५ उरतात. पूर्ण वर्ग नाही. ३७०५² मधून वजा केली की ९६०४, म्हणजे ९८². म्हणून अवयव ३७०५−९८ आणि ३७०५+९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन्ही पुन्हा फॅक्टला द्या. कंसाविना जशाच्या तशा आल्या की मूळ. दुसऱ्याच पायरीला सुटणारं इतकं सुरेख उदाहरण सहज सापडत नाही. पायऱ्या जास्त लागल्या तर टेबल मोडमध्ये √(क्ष²−१३७१७४२१) भरा, सुरुवात ३७०४, टप्पा १, आणि पूर्णांक शोधा. अवयव एकमेकांपासून फार दूर असले की मात्र ही रीत रखडते. मग १००९ पासून एकेका मूळ संख्येनं भागत जावं लागतं.

आता विभाजक ४८. त्यांची बेरीज ३×१३×६×३६०८×३८०४ = ३२११६१०६८८, १२३४५६७८९० च्या दुपटीहून जास्त, म्हणून संख्या विपुल. (६ नं भाग जातो हे पाहिलं तरी भागतं: ६ सोडून ६ ची प्रत्येक पट विपुलच असते.) अंकांची बेरीज ४५, तिनं भागलं की २७४३४८४२, बाकी शून्य, म्हणजे द. रा. कापरेकरांची हर्षद संख्याही.

अकरा अंकांपासून पडदा अपुरा पडतो. १४२८५७² केल्यावर २.०४०८१२२४५×१०¹⁰ दिसतं. उत्तरातून लगेच २०४०८०००००० वजा करा, १२२४४९ मिळतात, कारण आत जास्त अंक साठवलेले असतात. वर्गाचे दोन तुकडे मिळवले की पुन्हा तीच संख्या, २०४०८ + १२२४४९ = १४२८५७, ही कापरेकर संख्या.

सौर पट्टीच्या जोडीला एलआर४४ सेल आहे, त्यामुळं लाइन गेली तरी काम अडत नाही. बारा-पंधरा अंकी संख्या फोडायच्या असतील तर मात्र यावर पैसे घालू नका.