कॉर्नेल, ८ मे १९७७ : आठ महिने ऐकल्यानंतर

गेल्या जूनमध्ये तीन सीडींचा एक संच मागवला. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडची ८ मे १९७७ची मैफल, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली. आता फेब्रुवारी संपत आलाय. एवढ्या दिवसांत ही मैफल सबंध अशी वीसेक वेळा ऐकून झाली, आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीची पंचवीस मिनिटं किती वेळा, ते मोजणं मी कधीच सोडून दिलं.

आधी खरं ते सांगते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा काही म्हणजे काही लागलं नाही. या मैफलीची ख्याती मोठी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०११च्या यादीत ती घेतली, आणि बँडची सर्वांत चांगली मैफल हीच असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. त्यामुळे मी फार अपेक्षा धरून बसले होते. पहिल्या भागातली बरीच गाणी पाच-सहा मिनिटांत संपतात, गाताना सूर मधूनमधून हलतो, तीन जण मिळून गातात तिथे तर जास्तच. आपल्या कानाला गळ्याकडे लक्ष द्यायची सवय. इथे गळ्याकडे लक्ष दिलं की बाकीचं सगळं निसटतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

मग एक पद्धत ठरवली. एका वेळी एकाच माणसाला ऐकायचं. ऑगस्टभर फक्त बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. फिल लेश हा मुळात ट्रम्पेट वाजवणारा, रचनाशास्त्र शिकलेला. या बँडमध्ये येईपर्यंत त्याने बास हातातही धरला नव्हता. ते ऐकू येतं. तो ठेका धरून बसत नाही, गिटारच्या खालून स्वतःची वेगळी सुरावट चालवतो. कधी गिटारच्या आधी पोचतो, कधी मुद्दाम मागे राहतो. आपल्याकडे चांगला पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा राहतो. लेश मात्र समोर बसलेल्या दुसऱ्या गायकासारखा वाजवतो. एकदा हे लक्षात आलं आणि सगळी मैफलच वेगळी ऐकू यायला लागली.

आता ती पंचवीस मिनिटं. दुसरा भाग सुरू होतो 'स्कार्लेट बिगोनियाज'ने आणि न थांबता 'फायर ऑन द माउंटन'मध्ये जातो. हे दुसरं गाणं तेव्हा अगदी नवं होतं, मंचावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पहिल्या गाण्याचे शब्द संपतात आणि वादन मोकळं सुटतं. मग कुठल्या तरी क्षणी आपण दुसऱ्या गाण्यात असतो. तो क्षण नेमका कुठला, हे शोधण्यात माझा सगळा सप्टेंबर गेला. शेवटी पेटी काढून बसले. पांढरी सात हा सा धरला, तर दोन्ही गाणी त्याच सा वर उभी आहेत. 'फायर'मध्ये स्वरसंगती, म्हणजे कॉर्ड, दोनच, एक सा वरची आणि एक कोमल निषादावरची, आलटून पालटून. नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे थाट खमाज. राग नव्हे, चलन आपलं नव्हे, पण घर ओळखीचं. सा बदलत नाही म्हणूनच सांधा दिसत नाही. आधी बास त्या दोन स्वरांभोवती घुटमळायला लागतो, ड्रमवाले थोडे सैलावतात, बँडचा मुख्य गिटारवाला आणि गायक जेरी गार्सिया, त्याची गिटार अजून जुन्याच गाण्यात रमलेली असते. सगळे एकदम वळत नाहीत. एकेक जण आपापल्या वेळेला वळतो, बाकीचे त्याला वळू देतात. हे पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं ती रात्र मला आठवते, पावसाची झड होती आणि मी तेवढा तुकडा सलग चार वेळा लावला.

आणि या गाण्याची एक मुळी आपल्या मुंबईपर्यंत येते, हे मला नंतर कळलं. डेडच्या दोन ड्रमवाल्यांपैकी मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखांकडे शिकलेला. त्याने आणि झाकीर हुसेन यांनी दिगा ऱ्हिदम बँडमध्ये एकत्र काम केलं, १९७६मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातली 'हॅपिनेस इज ड्रमिंग' ही रचना म्हणजेच 'फायर ऑन द माउंटन'चं शब्दांविनाचं आधीचं रूप. त्यात गार्सियाही वाजवतो. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून बघा. माहीममध्ये वाढलेल्या झाकीरचे हात ज्या रचनेवर फिरले, तिचं गाणं होऊन ते इथाकाच्या व्यायामशाळेत वाजत होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दिवाळीत मामा आला होता. त्याने ऐन उमेदीची वर्षं तबल्यात घातलीत. त्याला काही न सांगता याच मैफलीतलं 'एस्टिमेटेड प्रॉफेट' लावलं. अर्ध्या मिनिटात त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. "सात मात्रा आहेत," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणजे रूपक ताल? त्याने मान हलवली. "रूपकात समेलाच खाली, पहिल्याच मात्रेला वजन नसतं, इथे वजन भलतीकडेच पडतंय. तू सात नको मोजूस, दोन आवर्तनं मिळून चौदा धर, मग बघ कसं झुलतं." चौदा धरले, आणि इतके दिवस अडखळल्यासारखं वाटणारं ते गाणं खरंच झुलायला लागलं. पुढे तो डोळे मिटून पडून राहिला. गार्सियाची गिटार तिथे तोंड उघडून मिटल्यासारखी 'वाव-वाव' बोलते, ती एका फिल्टरची करामत आहे. मामाला ती आवडली नाही, मला आवडते.

ध्वनिमुद्रणाबद्दल. हे काम बेटी कँटर-जॅक्सन या बाईचं. तिने त्या काळात केलेल्या टेप 'बेटी बोर्ड्स' म्हणून ओळखल्या जातात. १९८६मध्ये गोदामाचं भाडं थकलं म्हणून त्यांतल्या बऱ्याच टेप लिलावात गेल्या, हातोहाती फिरल्या, आणि या मैफलीची अधिकृत आवृत्ती यायला २०१७ उजाडलं, म्हणजे तब्बल चाळीस वर्षं. मधल्या काळात लोकांनी टेपवरून टेप उतरवून ती जिवंत ठेवली. आवाज इतका स्वच्छ आहे की प्रत्येक वाद्य बोट ठेवून दाखवता येतं, आणि माझ्यासारखीला एकेक माणूस वेगळा काढून ऐकता येतो तो केवळ या बाईच्या कानामुळे. उणीव एकच सांगेन: सभागृह फारसं ऐकू येत नाही. बाहेर मे महिन्यात बर्फ पडत होता आणि आत हजारो माणसं होती, त्यांचा श्वास टेपवर कमी आला आहे.

खरेदीचा अनुभव मात्र मनस्ताप देणारा. विक्रेत्याने पाठवलेल्या खोक्याचा कोपरा चेपलेला होता आणि तिसरी सीडी नेमकी 'मॉर्निंग ड्यू'मध्ये अडकायची. बदलून मिळायला सहा आठवडे गेले. आल्या आल्या सीडी लावून तपासा. आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, बास जातो आणि बास गेला की मैफल गेली. साधे वायरचे हेडफोन पुरतात.

'डान्सिंग इन द स्ट्रीट' मला अजून लांबलेलं वाटतं, तिथे मी पुढे जाते. पण 'मॉर्निंग ड्यू' कधीच नाही. अणुयुद्धानंतरच्या सकाळचं हे गाणं. गार्सिया अगदी हळू आवाजात शेवटच्या ओळी म्हणतो आणि गिटार सुरू करतो, आधी एकेक सूर, सुट्टा. मग बढत. ती इतकी सावकाश होते की आवाज वाढलाय हे आपल्याला नंतर कळतं. अखेरीस तो तारा नुसत्या छेडत सुटतो, सतारीवरच्या 'झाला' या द्रुत छेडणीसारखं, आणि बाकी सगळे त्याच्याखाली जमीन धरून उभे असतात. शेजारी झोपलेले असले तरी इथे मी आवाज कमी करत नाही, हेडफोन कानावर दाबून धरते.

नव्याने ऐकणाऱ्यांनी पहिली सीडी सध्या बाजूला ठेवावी. दुसऱ्या सीडीवर 'स्कार्लेट'पासून सुरुवात करावी. माझा या महिन्यात पियानो चालू आहे. कीथ गॉडशॉ बाकीच्यांपेक्षा मागे ऐकू येतो, म्हणून त्याला शेवटी ठेवलं होतं. काल रात्री 'रो जिमी' लावलं होतं. गिटारच्या दोन वाक्यांमध्ये जी जागा सुटते, तिथे तो दोन-तीन सूर ठेवून जातो. आठ महिन्यांत ते सूर मला एकदाही ऐकू आले नव्हते.