फोर्कलिफ्टच्या अलार्मचे टॅग : नऊ महिने वापरल्यावर, आणि त्या क्लिपबद्दल

"सर, क्लिप हा सुटा भाग नाही."

टॅग कमरेला लावायची क्लिप तुटली, नवी द्या, एवढंच मागतोय, आणि गेल्या चार महिन्यांत हे वाक्य मी कंपनीच्या तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं होतं. आज चौथ्यानं ऐकवलं. फोन ठेवला, चहा सांगितला आणि लिहायला बसलो. त्यामुळे सूर थोडा कडवट वाटला तर समजून घ्या.

आमचं गोडाऊन नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीत. मी डिस्पॅच बघतो आणि सेफ्टी माझ्या गळ्यात आहे, कारण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ती बसली नाही. चार फोर्कलिफ्ट, तीन डिझेल आणि एक बॅटरीवरची. चोवीस टॅग. गेल्या मे महिन्यात बसवले. गाडी माणसाजवळ आली की वाजणारी, यूडब्ल्यूबीवाली (अल्ट्रा-वाइडबँड रेडिओवरची) सिस्टीम आहे, गाडीवर अँकर म्हणजे रेडिओचं यंत्र, माणसाच्या अंगावर टॅग, सहा मीटरवर पिवळा इशारा, तीन मीटरवर लाल. बाकी स्पेसिफिकेशन ब्रोशरमध्ये असतातच, सगळ्या कंपन्यांची सारखीच.

घ्यायला लागले ते बॅटरीवाल्या गाडीमुळे. डिझेलची धडधड हाच आमचा जुना अलार्म होता, हे ती गाडी आल्यावर कळलं. ही बया मांजरासारखी येते. त्यात फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, म्हणजे नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे फेकलं जातं, आणि नवीन माणूस नेमका शेपटाशी उभा असतो. एकदा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडी टोळीतल्या एकाच्या चपलेवरून चाक गेलं. पाय चपलेत नव्हता, हे नशीब. दुसऱ्या दिवशी मालकांनीच कोटेशन मागवायला सांगितलं.

आता टेस्टिंग. सेल्समननं डेमो दिला तो टॅग हातात उंच धरून, ओवाळायला उभा असल्यासारखा. बरोबर सहा मीटरला वाजला. सगळे खूश. मी मूळचा संशयी माणूस, त्यात पैसे मालकांचे असले तरी शिव्या मला पडणार होत्या. म्हणून दोन दिवसांनी रविवारी आम्ही आमची टेस्ट केली. जमिनीवर खडूनं एकेक मीटरच्या रेघा मारल्या. एका गोणीत पॅकिंगचा फोम ठासून बुजगावणं केलं, हॅन्ड पॅलेटवर उभं बांधलं, पोटावर टॅग लावला आणि पाठ गाडीकडे केली. गाडी जागेवर बंद, बुजगावणंच ढकलत तिच्याकडे न्यायचं. दहा वेळा नेलं, दहाही वेळा सहाच्या रेघेच्या आसपास वाजलं. मी रिपोर्टवर सही करायला निघालो होतो.

तेवढ्यात टोळीचे मुकादम अण्णा म्हणाले, "सायेब, त्ये गोनपाट हाय. मानूस लावून बगा की." अण्णा जावळी खोऱ्यातले, पस्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेली. ऐकलं त्यांचं. टॅग माझ्या बेल्टला पुढे लावला आणि उलट्या पावली गाडीकडे चालत गेलो. टोळी हसत होती. सहाची रेघ गेली, पाचची गेली. चारच्या रेघेवर टाच टेकली तेव्हा पोटाशी टॅग थरथरला. परत केलं. कधी साडेचार, कधी चारच्या आत.

गंमत अशी आहे की ही सिस्टीम रेडिओचा सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. एका नॅनोसेकंदात सिग्नल सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे हिशेब फार बारीक. आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. पाणी हा सिग्नल गिळतं. मग टॅगला थेट सिग्नल मिळत नाही, रॅकवर आपटून आलेला मिळतो, तो लांबून आलेला असतो, आणि यंत्राला वाटतं माणूस लांब आहे. फोममधून मात्र सिग्नल आरपार जातो. म्हणजे आम्ही अर्धा दिवस हवेची टेस्ट करत होतो. खात्री करायला गोणीतला फोम काढून वीस लिटरचा पाण्याचा जार घातला. बुजगावणं लगेच माझ्यासारखं वागायला लागलं.

दीड-दोन मीटरनं काय होतं, असं सर्व्हिस इंजिनिअर म्हणाला. त्याला हिशेब दाखवला. ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. ऑपरेटरला अलार्म ऐकून पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद धरा. तेवढ्यात सव्वादोन मीटर गेले, आणि भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी थांबत नाही. चार मीटरवर वाजलं तर हातात उरतं काय? आणि ज्याचं तोंड गाडीकडे आहे त्याला अलार्म कशाला हवा? पाठ असते त्यालाच तर हवा ना! कंपनीचं पुस्तक मात्र सांगतं, टॅग बेल्टला पुढच्या बाजूला लावा. का? कारण क्लिप तशी आहे.

तर ती क्लिप. प्लॅस्टिकची, बोटभर लांब, मोबाईल कमरेला लावायचो त्या जमान्यातली. माथाडी माणूस पोतं उचलताना ते पोटाशी घेतो, मग खांद्यावर टाकतो. म्हणजे प्रत्येक पोतं आधी क्लिपवर येतं. पहिली क्लिप चौथ्या दिवशी तुटली. ऑगस्टपर्यंत चोवीसपैकी सतरा गेल्या. क्लिप तुटलेला टॅग खिशात जातो, मागच्या खिशात गेला की माणूस त्यावर बसतो, आणि आतली मोटर थरथरली तरी बाहेर कुणाला कळत नाही. कंपनीला म्हटलं क्लिपा पाठवा. उत्तर वर दिलंच आहे. मागचं अख्खं कव्हर घ्यावं लागतं, किंमत साडेअकराशे अधिक जीएसटी. वॉरंटीत का नाही? कारण 'फिजिकल डॅमेज'. अरे, अंगावर घालायची वस्तू आहे, तिला फिजिकल सोडून दुसरं काय डॅमेज होणार?

पंचवीस रुपयांची वस्तू आहे ती. फार तर तीस.

शेवटी तुर्भे स्टेशनबाहेर जे काका चपला शिवतात त्यांच्याकडे एक टॅग नेला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, रेक्झिनची छोटी पिशवी बेतली, मागे वेल्क्रोचा पट्टा शिवला, बटणाच्या जागी भोक पाडलं. चाळीस रुपये नग. पट्टा दंडाला बांधायचा. दंडावर टॅग असला की शरीर फक्त एका बाजूनं आड येतं. पाठीमागून गाडी आली तर साडेपाच मीटरला वाजतो, आम्ही मोजलं. दुसऱ्या दंडाच्या बाजूनं आली तर पुन्हा थोडा उशीर होतो, पण पोटावर असताना व्हायचा तेवढा नाही. आणि दंडावर बांधल्याबरोबर टोळीनं त्याचं नाव 'ताईत' ठेवलं. आधी टॅग घाला म्हणून रोज मागे लागावं लागायचं. आता सकाळी अण्णाच ओरडतात, "ताईत बांधले का रं?"

आधी का घालत नव्हते, तेही सांगतो, कारण तिथं चूक आमची होती. पहिले दोन महिने टॅग दिवसभर बोंबलत असायचे. पाणी प्यायला गेलं की वाजला, पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे ऑफिसात बसलं तरी कधीमधी वाजला. माणसं वैतागली. मग एका हुशारानं शोध लावला की टॅग स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं की तो गप्प होतो. भौतिकशास्त्राचा मास्तर लाजेल असा शोध. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टॅग मोजले, नऊ डब्यांत नऊ टॅग, एक तर लोणच्याच्या वाटीशेजारी. तेव्हा मी मालकांना मेल लिहायला घेतला होता की परत करू या, पैसे पाण्यात गेले.

मेल पाठवला नाही. त्याचं कारण ऑगस्टमधली एक संध्याकाळ. धो धो पाऊस, तीन नंबरच्या डॉकवर पाणी आत येत होतं, कंटेनर खाली व्हायचा होता. डिझेलवाला ऑपरेटर मोठा माल घेऊन उलटा येत होता, कारण पुढचं दिसत नव्हतं. आरशात पाऊस. त्या दिवशी बदलीवर आलेला एक पोरगा वाऱ्यानं उडालेली डिलिव्हरी चलनं वेचायला खाली वाकला होता. त्याचा टॅग रेनकोटच्या आत. तो सांगतो, मला काही जाणवलंच नाही. पण केबिनमध्ये ऑपरेटरच्या डोक्यावर जो अलार्मचा डबा बसवला आहे, तो केकाटला आणि लाल झाला. गाडी थांबली. मी दहा पावलांवर होतो. पोरगा उठला, चलनं झटकली, आणि मागे गाडी बघून नुसता "आयला" म्हणाला.

तेव्हा माझं मत बदललं, पण पूर्ण नाही. सगळे टॅगच्या वायब्रेशनचं कौतुक करतात, ब्रोशरच्या पहिल्या पानावर तेच आहे. खरं काम करतो तो केबिनमधला डबा. चालत्या माणसाला, त्यातही पोतं खांद्यावर असलेल्याला, थरथर कळत नाही. ऑपरेटर बसलेला असतो, डब्याचा आवाज त्याच्या कानाशी असतो आणि ब्रेकही त्याच्याच पायाशी. घेणार असाल तर आधी तो डबा ऐकून घ्या, डिझेल इंजिन चालू ठेवून.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे लॉग, सिस्टीम ठेवते ती अलार्मची नोंद. जागा दाखवत नाही, फक्त वेळ, गाडी आणि टॅग नंबर. मी एक्सेलमध्ये टाकून वेळेनुसार लावला, तर सकाळी साडेदहा आणि दुपारी दीडच्या सुमाराला ओळीनं अलार्म, आणि बहुतेक बॅटरीवाल्या गाडीचे. डोक्यात प्रकाश पडला. त्या गाडीचं चार्जिंग जिथं, तिथंच वॉटर कूलर. सुट्टी झाली की माणसं पाण्याला आणि गाडी चार्जिंगला, एकाच वेळी एकाच कोपऱ्यात. प्लंबरला अठराशे रुपये दिले, कूलर पलीकडच्या भिंतीला नेला. अलार्म निम्म्याहून कमी झाले, डबे पुन्हा फक्त जेवणाचे झाले. लाखांची सिस्टीम घेऊन शेवटी कळलं काय, तर पाणी चुकीच्या जागी आहे. अण्णा म्हणाले, "मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं." त्यावर मी काही बोललो नाही.

पावसाळ्याचं वेगळं. आपल्याकडची दमट हवा आणि घाम, यांनी टॅगच्या चार्जिंगच्या पितळी पिना जुलैअखेरीस हिरव्या पडल्या. रात्री चार्जरला लावलेले टॅग सकाळी मेलेले. कंपनीनं स्प्रे सुचवला, सातशे रुपयांचा. मुलीच्या कंपासमधला खोडरबर घासला, काम झालं. आता दर शनिवारी एकजण खोडरबर घेऊन बसतो.

हे टॅग कुणाचे, यावरूनही थोडं राजकारण झालं. टोळी आमच्या पगारपत्रकावर नाही, १९६९च्या माथाडी कायद्याप्रमाणे माथाडी मंडळाकडे नोंदलेली, मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची जादा टक्केवारी) आम्ही मंडळाला भरतो. मग टॅग हरवला तर भरायचा कुणी? बदलीचा माणूस आला तर सही कुणाची? शेवटी टॅगवर नावं घालायची नाहीत, नंबर घालायचे, आणि हजेरीच्या वहीत अण्णांनी नंबर लिहायचा, असं ठरलं. हरवला तर गोडाऊनचा. अण्णांनी एवढंच विचारलं की यावरून कोण किती वेळ बसला ते कळतं का. लॉग उघडून दाखवला तेव्हा विषय संपला.

सिस्टीमला टॅग नसलेला माणूस दिसतच नाही, हे विसरू नका. बाहेरचे ट्रक ड्रायव्हर आणि क्लीनर डॉकवर मोकळे हिंडतात. त्यांच्यासाठी चार टॅग गेटवर ठेवले, लायसन ठेवून घ्यायचं आणि टॅग द्यायचा. सप्टेंबरात एक ड्रायव्हर लायसन घेऊन गेला आणि टॅगही घेऊन गेला. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "साहेब, घाईत होता." इंदूरची गाडी होती.

आता हिशेब. वॉरंटी मे महिन्यात संपते. आज वार्षिक कराराचं कोटेशन आलं, त्यात सॉफ्टवेअर आहे, दोन भेटी आहेत, बॅटरी आहे. क्लिप नाही. ४ मार्चला सुरक्षा दिन, मालकांना गेटवर बॅनर हवं आहे आणि टॅग घातलेल्या टोळीचा फोटो. मी करार करा असंच सांगणार आहे, कारण केबिनमधला डबा बंद पडलेला मला चालणार नाही. पण टॅगचा भाग वेगळा काढून भाव मागितला आहे, आणि पिशव्या तुर्भ्याच्या काकांकडूनच येतील. घेणाऱ्यांनी एवढं करावं : टेस्ट स्वतःच्या अंगावर करा, उलट्या पावली, आणि खिशात पैसे असतील तर मॅग्नेटिक फील्डवाल्या सिस्टीमचाही डेमो मागा. खाणींत ती वापरतात, माणसाचं अंग तिला एवढं आड येत नाही. आम्हाला ती महाग पडली.

इंदूरचा टॅग गेल्या आठवड्यात आला. तोच ड्रायव्हर दुसरा माल घेऊन आला होता, त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून दिला आणि माफीही मागितली. बॅटरी ठार, पिना हिरव्या. क्लिप शाबूत. चोवीसात एवढी नवी कोरी क्लिप दुसरी नाही. काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.