बोटीतली बाकं: सागवान की मरीन प्लाय?

मालवणला पर्यटकांसाठी छोटी फायबर बोट घेतलेल्या मित्राचा हा प्रश्न.

खर्चात प्लाय स्वस्त. मात्र दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’वर जाऊ नका, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघूनच घ्या. मरीन प्लायही पाणी पितं, आणि पितं ते कडांतून. म्हणून खरी मेहनत तिथेच. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायचं, वाळल्यावर कडक होणारं रेझिन) तीन हात द्या, बाकाच्या खालच्या बाजूलाही. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि ते कडक झालं की त्यातच बारीक भोक घ्यायचं. हे टाळलं की स्क्रूभोवती काळं वर्तुळ उमटतं आणि मग थर सुटू लागतात. उन्हाने इपॉक्सी खराब होतं, त्यामुळे वर यूव्ही (ऊन रोखणारं) वार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच.

सागवान महाग, पण अंगचं तेल असल्याने सहसा कुजत नाही. पट्ट्यांमध्ये फट ठेवली की पाणी निथळतं. उघडं ठेवलं तर करडं पडतं, कमजोर होत नाही. वार्निश दिलंत तर मात्र ते पुन्हापुन्हा घासून काढायची तयारी ठेवा. चिकटवण्याआधी ॲसिटोनने (तेल काढणारं द्रावक) पुसा, नाहीतर तेलामुळे सांधा धरत नाही. एक पट्टी बिघडली तर तेवढीच बदलता येते. प्लायचा अख्खा तुकडा जातो.

उघडी बोट, ओले कपडे, रोजची वर्दळ असेल तर सागवान. छताखालची, गादी घातलेली, आत सामान ठेवायची पेटी-बाकं असतील तर प्लाय पुरे. मित्राची बोट उघडी आहे, त्याने सागवानच घ्यावं.