पाळीवरचा काटा: मासळी घ्यायला या, आधी तलाव बघा

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावावर मच्छीमारांची सहकारी संस्था रोज सकाळी मासळी विकते. दुकान म्हणावं असं तिथे काही नाही. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाचं जुनं झाड आहे, त्याच्या फांदीला काटा टांगलेला असतो आणि खाली ओल्या पोत्यांवर मासळी. सहा वर्षं मी इथूनच घेते. नागपूरच्या नातेवाइकांना नेहमी सांगते, आता सगळ्यांसाठी लिहिते.

आधी भाव. सध्या मरळ 400 रुपये किलो, रोहू आणि कटला 180, झिंगे निघाले तर 250. बर्फ नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. पहाटे जाळं ओढतात, सहा वाजता मासळी पाळीवर येते, नऊपर्यंत संपते. न मागता कल्ला उघडून दाखवतात, आतून लालभडक. मरळ तर घमेल्यातच फिरत असते. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे वीतभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहते. पूर्वी मी बाजारातून बाहेरगावची बर्फातली मासळी आणायची. एकदा घरी येऊन धुतली तर वासच गेला नाही, सगळी फेकावी लागली. पाळीवरून आणलेल्या मासळीची अशी तक्रार सहा वर्षांत एकदाही करावी लागली नाही. वजनही मी सुरुवातीला घरी येऊन तपासायची. आता तपासत नाही.

चवीचं सांगते. आमच्याकडे मरळीची भाजी लसूण, धने, खसखस वाटून करतात. चिंचेचं पाणी घालायचं आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्या मासळीचा रस्सा मसाल्यावर उभा असतो. इथल्या मरळीचा रस्सा मरळीवर उभा राहतो. झिंगे तर नुसते तेल-मिठात परतून भातावर घेतले तरी दुसरी भाजी लागत नाही.

ही चव कुठून आली ते समजायला तलावाकडे बघावं लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले हे मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले, आणि त्या कामात कोहळी समाजाचा हात मोठा. पाळ कुठे घालायची, पाणी कुठून येईल, पाणी सोडायचं तुडूम कुठे बसवायचं, हे त्यांना जमिनीचा उतार बघून कळायचं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि डागडुजी कोणी करायची हा प्रश्न अधांतरी राहिला. शेतकऱ्याला धानासाठी पाणी हवं, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासळी हवी, तलावाची काळजी मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही.

मी शाळेत बदलून आले तेव्हा तलावाची उत्तरेकडची बाजू बेशरम नावाच्या झुडपाने भरलेली होती. जांभळट गुलाबी फुलं, दिसायला छान. पण गुरं तोंड लावत नाहीत, आणि त्या गर्दीत दुसरं काही उगवत नाही. मच्छीमार विकतचं मत्स्यबीज सोडायचे, रोहू, कटला, मिरगल, आणि मिळेल तेवढं काढायचे. मरळ, शिंगी, बारीक मासे जवळजवळ दिसेनासे झाले होते.

याच तालुक्यात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि ढिवर समाजातले जाणकार पतिराम तुमसरे यांनी तलावात पाणवनस्पती परत लावण्याचं काम केलं होतं. त्याची माहिती आमच्या संस्थेच्या लोकांपर्यंत पोचली आणि त्यांनी आपला तलाव हाती घेतला. मे महिन्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायचा. नुसता कापून चालत नाही. बोटभर कांडी चिखलात राहिली तरी तिला मुळं फुटतात. म्हणून तुकडा न् तुकडा वेचून पाळीपलीकडे उन्हात वाळवायचा. मोडलेल्या कांडीतून पांढरा चीक येतो, हाताला चिकटतो. मग तळाची जमीन नांगरायची. पाऊस पडून वीत-दोन वीत पाणी साठलं की दुसऱ्या तलावातून आणलेली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशी पाण्याखालची झाडं लावायची.

ही लावणी मी काठावर बसून पाहिली आहे. बाया गुडघाभर पाण्यात रांगेने उभ्या, कमरेला ओल्या पोत्याची झोळी, झोळीत झाडं. रोवणीला जशा वाकतात तशाच वाकलेल्या. मूठभर झाड घ्यायचं, बुडाशी चिखलाचा गोळा दाबायचा, अंगठ्याने तळात रोवायचं आणि पाय जपून मागे घ्यायचा. हात धानाच्या रोवणीचेच, म्हणून काम झरझर होतं. नंतर भोवती बांबू ठोकून जुनी जाळी बांधली, गुरं शिरू नयेत म्हणून.

त्यांच्यातल्या एका मावशींना मी विचारलं, या गवताचा मासळीला काय उपयोग? त्या म्हणाल्या, "मॅडम, लेकराला घर नको का जी? अंडे कुठं ठेवंल थे?" खरंच तसंच आहे. कित्येक मासे याच झाडांना अंडी चिकटवतात, पिल्लं त्यांच्यात लपतात, तिथलेच किडे खाऊन वाढतात. म्हणूनच या संस्थेने ग्रासकार्पचं बीज सोडणं थांबवलं. तो मासा लवकर वाढतो, पैसे लवकर देतो, पण पाण्यातली झाडं फस्त करतो. गरिबाने लवकर मिळणारा पैसा सोडणं किती अवघड असतं ते मी या घरांमध्ये पाहिलं आहे, म्हणून मला या निर्णयाचं फार मोल वाटतं.

काठाच्या बाबतीतही ते असेच ठाम राहिले. एका वर्षी गाळ काढायला यंत्र आलं. यंत्रवाल्याला सगळीकडे सारखं खोल आणि सरळ कापायचं होतं. पाळीच्या विरुद्ध बाजूचा काठ हळूहळू उतरत जातो. तिथेच देवधान, म्हणजे आपोआप येणारं रानटी धान, उगवतं, तिथेच पाणपक्षी घरटी करतात, तिथेच उथळ पाण्यात पिल्लं वाढतात. संस्थेचे लोक यंत्रासमोर जाऊन उभे राहिले. मधला गाळ काढू दिला, उतरत्या काठाला हात लावू दिला नाही. शेतकरीही त्यांच्या बाजूने आले, हे मला विशेष वाटलं. आज त्या काठावर पहाटे उभं राहिलं तर बोलणं ऐकू येणार नाही इतका पक्ष्यांचा गलका असतो.

आता अडचणी. वेळ नक्की नसते. वारा असेल तर जाळं उशिरा ओढतात, कधी सात वाजून जातात आणि आपल्याला शाळा-ऑफिस गाठायचं असतं. मासळी साफ करून देणाऱ्या एकच काकू आहेत. पावशी, म्हणजे विळी, आणि राख घेऊन बसतात, हात फार सफाईदार, पण रविवारी अर्धा तास थांबावं लागतं. संस्थेने आणखी एकीला बसवावं. खवले आणि आतडी तलावात टाकत नाहीत, खड्ड्यात पुरतात, त्यामुळे त्यांना घाई करू नका. पिशवी मिळत नाही. पाळीवर गाडी नेऊ देत नाहीत, पाळ खचते म्हणून. खाली वडाजवळ लावून चालत यावं लागतं.

आणि मृग लागला की मागू नका. पहिल्या पावसात मासे वाहत्या पाण्यावर चढून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरतात, अंडी घालायला. पूर्वी याच दिवसांत पोतं भरभरून धरायचे. आता संस्थेने ठरवून ते बंद केलं आहे. गेल्या वर्षी मी एका काकाजींच्या हातात चांगली दोन किलोंची मरळ पाहिली, म्हटलं मला द्या. ते पाण्यात वाकले आणि हात उघडला. "पोटात अंडे आहेत तिच्या, मॅडम. दिवाळीले या." दिवाळीला गेले, तेव्हा मिळाली.

सध्या पाणी ओसरलंय, मासळी भरपूर आहे. येताना डबा आणि सुटे पैसे आणा, साडेसहाच्या आत पोचा. नऊला काटा उतरतो आणि त्याच बाया घमेली घेऊन उत्तरेच्या बाजूला बेशरमाचे नवे फुटवे वेचायला जातात. येत्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे. मरळ बाजूला ठेवायला सांगून आले आहे.