ग्राफाइटचं मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, पावसाळाभर वापरल्यावर

साकीनाक्याच्या ऑफिसात सर्व्हर रूमचं तापमान बघायला मे महिन्यात ग्राफाइट (वेळेनुसार आकडे साठवून त्यांचे ग्राफ काढणारं टूल) बसवलं, वर ते ग्राफ दाखवायला ग्राफाना. सेन्सर दर १० सेकंदांनी आकडा पाठवतो, कच्ची रेघ इतकी थरथरते की बघवत नाही, म्हणून मागच्या काही आकड्यांची सरकती सरासरी, म्हणजे मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. टूल दणकट आहे यात वाद नाही, २००६ला ऑर्बिट्झ या प्रवास बुकिंगच्या कंपनीत सुरू झालं, २००८ला ओपन सोर्स झालं आणि अजून ठणठणीत चालतंय. पण ही गुळगुळीत रेघ डोळे झाकून वाचायची नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं विंडोच्या आकड्याने, म्हणजे किती मागपर्यंतची सरासरी काढायची त्याने. नुसतं ३० लिहिलं तर ती ३० मिनिटं नाहीत, ३० पॉइंट, म्हणजे साठवलेले ३० आकडे! आमचं रिटेन्शन (किती बारीक आकडे किती काळ ठेवायचे ते) म्हणजे ६ तास १० सेकंदांचे पॉइंट, पुढे ३० दिवस मिनिटाचे, त्यामुळे तासाभराच्या ग्राफवर ३० म्हणजे ५ मिनिटं आणि आठवड्याच्या ग्राफवर तेच ३० म्हणजे अर्धा तास. जुलैत रात्री धो धो पावसात लाइट गेली, एसी ट्रिप, दहाएक मिनिटं रूम ३४ डिग्रीवर. सोमवारी साहेबांसमोर आठवड्याचा ग्राफ उघडला तर तिथे जेमतेम २७चं टेंगूळ, "एवढ्यासाठी दुसरा एसी मागताय?" काय बोलणार. तर पॉइंट न देता अवतरणचिन्हात वेळ द्या, '5min' असं, मग रिझोल्यूशन (दोन पॉइंटमधलं अंतर) काहीही असो विंडो तेवढीच राहते.

तरी शिखर थोडं बसकं दिसेलच, कारण आठवड्याचे १०,०८० पॉइंट पॅनलमधे मावत नाहीत आणि ग्राफाइट ते सरासरी काढूनच दाबतं. कन्सॉलिडेट-बाय हे फंक्शन मॅक्सवर लावलं, म्हणजे दाबताना सरासरीऐवजी सगळ्यात मोठा आकडा घेतला, की शिखर परत येतं.

अजून एक विचित्र प्रकार, ६ तासांचा ग्राफ काढला की फंक्शन सुरुवातीची विंडो भरायला आणखी मागचा डेटा मागतं, ती मागणी ६ तासांच्या पलीकडे जाते आणि सगळी रेघच मिनिटाच्या पॉइंटवर येते. साडेपाच तास बघा, निवांत.

सेन्सर मेला तर काय होतं ते मात्र खरंच घातक वाटलं. विंडोत एक जरी आकडा शिल्लक असेल तर अ‍ॅव्हरेज निघतंच, म्हणजे वायर निघाल्यावरही रेघ ५ मिनिटं आरामात चालू, जणू सगळं आलबेल. नव्या आवृत्त्यांत तिसरा पॅरामीटर एक्स-फाइल्स-फॅक्टर आहे, तो ०.५ ठेवला की निम्म्याहून कमी आकडे असले तर रेघ तुटते. हे डीफॉल्ट का नाही देव जाणे.

आणि अलर्ट अ‍ॅव्हरेजवर लावूच नका राव. ५ मिनिटांची विंडो मागे बघते, रेघ साधारण अडीच मिनिटं उशिरा चालते, तोवर रूम तापलेली असते. आमचा अलर्ट आता कच्च्या रेघेवर आहे, सलग २ मिनिटं ३० डिग्रीच्या वर राहिलं तरच वाजतो. सेन्सर मधेच एखादा ८५ फेकतो, त्याने ग्राफ बिघडू नये म्हणून तिथे मूव्हिंग मीडियन (सरासरीऐवजी विंडोतला मधला आकडा घेणारं फंक्शन), असले एकटेदुकटे आकडे त्यात दिसतसुद्धा नाहीत.