द्राक्षांचे पैसे अडकले तर: नाशिकचं कोर्ट की लवाद?

निफाड-दिंडोरीच्या निर्यातदाराचा रॉटरडॅमचा खरेदीदार ‘माल खराब निघाला’ म्हणून पैसे कापतो. करारात ‘वाद नाशिक न्यायालयात’ एवढंच लिहिलेलं असतं.

कोर्टाचा मार्ग स्वस्त वाटतो. ३ लाखांवरचा दावा व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची. खरी गोची निकालानंतर. खरेदीदाराची मालमत्ता नेदरलँड्समध्ये, आणि त्या देशाशी भारताचा निकाल-अंमलबजावणीचा करार नाही. तिथे नव्याने दावा लावावा लागतो. आपला निकाल फार तर त्याला आधार. ब्रिटन किंवा यूएईचा खरेदीदार असेल तर मात्र कोर्ट इतकं वाईट नाही.

लवाद म्हणजे कोर्टाऐवजी दोन्ही पक्षांनी मान्य केलेला खासगी निवाडा करणारा. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे नेदरलँड्समध्येही वसूल करता येतो. खर्च जास्त, फी आगाऊ. म्हणून एका कंटेनरच्या वादासाठी तीन लवाद नेमणं म्हणजे उधळपट्टी. एकच पुरे.

करारातलं लवादाचं कलम ढिसाळ असलं की घात होतो. लवादाचं स्थान भारतात, पण लवाद चालवणारी संस्था किंवा नेमणुकीची पद्धत लिहिलेली नाही, आणि समोरचा अडून बसला, तर परदेशी पक्ष असल्याने नेमणुकीसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागतं. स्थान, संस्था, लवादांची संख्या, भाषा, लागू कायदा हे पाचही लिहा. ‘लवाद किंवा न्यायालय’ असं तर लिहूच नका. पहिलं वर्ष त्याच भांडणात जाईल.

माल उतरताच स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल आणि कंटेनरच्या तापमानाची नोंद मिळवा. ती दोन्हीकडे लागते.