बायपासच्या वेळची भूलसेवा : एका मुलाचा अनुभव

माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया पुण्यातील एका खासगी रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया कोण करणार याची आम्ही दहा ठिकाणी चौकशी केली होती. भूल कोण देणार, हे विचारायचे मात्र घरात एकालाही सुचले नाही. म्हणून हे मत केवळ भूलतज्ज्ञांच्या सेवेपुरते आहे. पुढे एक तक्रारही असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई स्वतः खाटेपाशी आल्या आणि चांगला अर्धा तास बसल्या. त्यांनी बाबांचा घसा पाहिला आणि पुढचा एक दात हलतो आहे याची नोंद केली, कारण श्वासनलिकेत नळी घालताना असा दात निखळू शकतो. मग मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरल्या आणि तळहात पांढरा पडल्यावर त्यांतली एकच सोडून, लाली किती लवकर परतते ते पाहिले. रक्तदाब ठोक्यागणिक दिसावा म्हणून मनगटातील एका धमनीत बारीक नळी ठेवावी लागते, आणि त्या धमनीला काही झाले तर हाताला रक्त पुरवण्याचे काम दुसरीने निभावले पाहिजे, हे त्यांनी आम्ही न विचारताच सांगितले. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, ते पुरेसे लागू झाल्याची चाचणीने खात्री झाल्याखेरीज मशीन सुरू करत नाहीत आणि काम उरकल्यावर प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम उतरवतात, एवढे मलाही समजले.

सर्वांत उपयोगी पडले ते त्यांचे शेवटचे सांगणे : “काका, जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही, पण घाबरायचं नाही. आम्ही शेजारीच असू.” संध्याकाळी अतिदक्षता विभागात बाबांना जाग आली, तेव्हा त्यांनी धडपड न करता परिचारिकेच्या तळहातावर बोटाने “पाणी” असे लिहिले. रात्री नळी निघाली आणि दुसऱ्या सकाळी श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचे ते व्यायामाचे खेळणे हातात आले. छातीचे हाड तारेने बांधलेले असते, त्यामुळे खोकताना उशी कवटाळून धरायची, हेही त्यांना नीट करून दाखवले गेले.

तक्रार आहे ती तिसऱ्या रात्रीची. बाबांना वॉर्डात हलवल्यावर वेदनाशमनाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. पॅरासिटामॉलने भागेना, आणि ड्यूटीवरील डॉक्टर येईपर्यंत दोन तास गेले. दुखते म्हणून बाबा खोकेनात, आणि न खोकल्यामुळे सकाळपर्यंत छातीत कफ दाटला. त्याच भूलतज्ज्ञ बाई सकाळी आल्या आणि वेदनाशामक औषध मागितल्यावर न देता ठरलेल्या वेळांनी देण्याची सूचना त्यांनी लिहून ठेवली. त्यानंतर दोन दिवसांत बाबांचे तिन्ही चेंडू वर जाऊ लागले. हीच सूचना अतिदक्षता विभागातून निघतानाच कागदावर असायला हवी होती.

पाचपैकी चार गुण देतो. तिथे जाणाऱ्यांनी वॉर्डात हलवण्यापूर्वीच, रात्री दुखल्यास कोणाला बोलवायचे, ते नाव लिहून घ्यावे. आम्ही घेतले नव्हते.